गादीपाटाच्या चकत्या

नवं कापड आलं की दाजी आधी त्याची कड जिभेवर ठेवायचे. चावायचे नाहीत. डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि मग ठाणाला हात लावायचे.

सुई पँटच्या गुडघ्याला टोचून ठेवायचे आणि ती दिवसभर शोधायचे.

कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी गादी तळहाताने दाबून बघायचे, आणि घरमालकाकडे सहानुभूतीने पाहायचे.

त्यांच्या भुवयांवर कायम कापूस असायचा. त्यांची बायको, ताई, म्हणायची, "तुम्ही म्हातारे झालात तरी मला पत्ता लागायचा नाही."

घाम पुसायला त्यांच्या खिशात गादीपाटाचाच चौकोनी तुकडा असायचा, निळ्या पट्ट्यांचा. धुऊन धुऊन तो सायीसारखा मऊ झाला होता. लोक रुमाल हरवतात. दाजींनी तो एकच रुमाल वर्षानुवर्षं वापरला.

दुकान बंद करताना कुलूप दोनदा ओढून बघायचे. आणि ते मेव्हण्याने दिलेलं होतं म्हणून तिसऱ्यांदाही.

आणि फुगा फुटला तरी दचकायचे.

हा मेव्हणा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. त्याचं कुलपांचं दुकान दाजींच्या गादीच्या दुकानाला लागूनच आहे. सगळा बाजार त्याला कुलूपवाला म्हणतो. दाजी गेल्याला आता एक हिवाळा उलटला, पण तो अजून "दाजी कापड जिभेला लावून बघतात" असंच बोलतो. समोरचा माणूस टांगलेल्या कुलपांकडे बघायला लागतो. मग कुलूपवाला हातातली किल्ली उगाच कानशीवर घासत राहतो.

कुलूपवाल्याला तरुणपणापासून एकच नाद. त्याच्याकडे ठासणीची एक जुनी बंदूक आहे, रीतसर परवान्याची. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत अशाच हौशी लोकांचा एक क्लब जमतो, आणि कागदाच्या निशाण्यांवर नेम धरतो. शिकार नाही, कुणाशी वैर नाही. एक पत्र्याची शेड, काही लाकडी टेबलं, समोर मातीचा उंच बांध. सकाळभर धूर आणि थट्टामस्करी.

ठासणीच्या बंदुकीला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग शिशाची गोळी गजाने आत ठासायची. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते. नुसती टाकली तर ती आत खुळखुळते आणि दारूचा जोर तिच्या कडेने निसटून जातो. म्हणून नळीच्या तोंडावर वंगण लावलेली कापडाची एक चकती ठेवतात, तिच्या मधोमध गोळी ठेवतात, आणि दोघांना मिळून आत ढकलतात. नळीत आतून पीळ असतो. कापड तो पीळ धरतं आणि गोळीला फिरवतं. फिरती गोळी सरळ जाते.

म्हणजे सगळा खेळ त्या बोटभर कापडाचा.

फार पूर्वी एकदा कुलूपवाल्याने कुठूनसं मागवलेलं चकत्यांचं तयार पाकीट दाजींना दाखवलं होतं. दाजींनी एक चकती उजेडासमोर धरली.

"हे कापड आहे?"

"मग काय आहे?"

"जाळी आहे. यात मी उंदराला उशीसुद्धा करून देणार नाही. तुम्ही यात गोळी घालता, मेव्हणे?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी गादीपाटाचा तुकडा पुढे टाकला. गादीच्या खोळीचं ते जाड, घट्ट विणीचं सुती कापड. कापूस टोचून बाहेर येऊ नये म्हणून मुद्दाम तसं विणलेलं. "यातून कापूस येत नाही. तुमचा धूर काय येतोय."

तेव्हापासून चकत्या दाजींच्या.

त्यांची पद्धत ठरलेली होती. गिरणीतून येणाऱ्या कापडाला खळ असते. ती काढायला कापड कढत पाण्यात भिजवायचं, चोळायचं, पुन्हा भिजवायचं. कड जिभेवर ठेवून खळ उरली का ते बघायचं. सावलीत वाळवायचं. मग पितळेची एक गोल चकती कापडावर ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ मारायची आणि कात्रीने कापायचं. कुलूपवाल्याने त्यांना लोखंडी नळीच्या तुकड्याला धार लावून एक ठसा करून दिला होता, हातोडीने ठोकला की चकती तयार. दाजींनी तो पेपर उडू नये म्हणून वापरला. "ठोकल्याने कापडाचा धागा तुटतो," ते म्हणाले. "कात्री विचारून कापते."

शेवटी मेण आणि एरंडेल एकत्र वितळवून त्यात चकत्या बुडवायच्या, पिळायच्या, आणि बामच्या रिकाम्या डबीत एकावर एक रचून ठेवायच्या. ताईच्या घरात कुणाचं डोकं दुखायचं नाही, तरी बामच्या डब्या यायच्या कुठून, हे कोडं ताईला बरीच वर्षं सुटलं नव्हतं. दाजी त्या शेजाऱ्यांकडून मागून आणायचे.

एवढं सगळं करूनही ते खाणीत कधी गेले नाहीत. आवाज सोसायचा नाही. चकती देऊन मोकळे व्हायचे, आणि रविवारी दुपारी ओट्यावर वाट बघत बसायचे. कुलूपवाला आला की नुसती भुवई वर करायचे. तो म्हणायचा, "जमलं." दाजी मान डोलवायचे. भुवईवरचा कापूस खाली पडायचा.

मग एक वर्ष असं आलं की "जमलं" बंद झालं.

कुलूपवाल्याच्या गोळ्या फाकायला लागल्या. पूर्वी त्या कागदावर एका मुठीत बसायच्या. आता एक वर, एक खाली, एक कागद सोडून बांधात. त्याने दारू कमी केली, जास्त केली. नळी साबणाच्या पाण्याने धुतली. चष्मा बदलला. हा माणूस डोळे झाकून कुलूप उघडणारा, पण आता किल्ली कापताना आपल्या हाताकडे बघत बसायचा. हात कापतोय का? कधी वाटायचं, नाही. कधी वाटायचं, हो. बघत राहिलं की कुणाचाही हात कापतो.

त्याने कुणाला सांगितलं नाही. दाजींना तर नाहीच. रविवारी भुवई वर झाली की म्हणायचा, "ठीक होतं."

"ठीक म्हणजे?"

"ठीक म्हणजे ठीक, दाजी. आता काय ताम्रपट कोरून देऊ?"

त्यात दाजींच्या चकत्या तर त्या वर्षी पूर्वीपेक्षाही देखण्या झाल्या होत्या. कडा कशा नाण्यासारख्या. एक धागा बाहेर नाही. डबी उघडली की हात लावायला जीव होऊ नये. अशा चकत्या असताना चूक दुसऱ्या कशाची असणार? हाताचीच.

क्लबचे सचिव दातांचे डॉक्टर होते. सज्जन माणूस, पण क्लबच्या खोलीत त्यांनी काचेचं एक कपाट करून घेतलं होतं आणि ते भरायची त्यांना घाई झाली होती. कुलूपवाल्याची बंदूक क्लबमधली सगळ्यात जुनी. डॉक्टर गोड आवाजात म्हणायचे, "तिने खूप सेवा केली. आता तिला आराम देऊ या." कपाटात ठेवायची म्हणजे नियमाप्रमाणे तिचा कान कायमचा बुजवायचा. कान म्हणजे ठिणगी आत जायचं बारीक भोक. ते बुजलं की बंदूक नुसती काठी.

क्लबच्या त्या मोसमाच्या शेवटच्या रविवारच्या आधी कुलूपवाला दाजींच्या दुकानात आला. दाजी गादीला टाके घालत होते. ताई खोळींच्या घड्या करत होती.

"या वेळी चकत्या थोड्याच द्या," तो म्हणाला. "रविवारी शेवटचं. मग देऊन टाकतो डॉक्टरांना."

दाजींची दाभणसुई गादीत अर्ध्यावर थांबली.

"काय देऊन टाकता?"

"बंदूक. हात गेला माझा, दाजी. वर्षभर बघतोय."

ताई म्हणाली, "हात गेला म्हणजे? परवा माझ्या कपाटाचं कुलूप उघडलंस ते काय पायाने?"

"कुलूप वेगळं, ताई. कुलूप हलत नाही."

"निशाणा हलतो होय?"

तो हसला नाही. तेव्हा ताईने हातातली खोळ खाली ठेवली. भाऊ आपल्या टोमण्याला हसला नाही असं तिच्या आठवणीत नव्हतं.

दाजींनी सुई पलीकडून ओढून घेतली. टाका घट्ट केला. म्हणाले, "रविवारी मी येतो."

"तुम्ही? तिथे आवाज असतो."

"कापूस विकतो मी," दाजी म्हणाले. "कानात घालीन."

आणि खरंच घातला. एवढा घातला की दोन्ही कानांना पांढरी मिशी फुटल्यासारखी दिसत होती. ताईही आली. भाऊ शेवटचं काहीतरी करतोय आणि आपण घरी खोळींच्या घड्या करायच्या, हे तिला पटलं नाही. ती शेडच्या खांबाला टेकून उभी राहिली. दाजी तिच्या मागे उभे राहिले.

कुलूपवाल्याने दारू ओतली, नाण्यासारखी चकती नळीच्या तोंडावर ठेवली, गोळी ठेवली, गजाने ठासली. नेम धरला. चाप ओढला. दाजींनी ताईचा दंड पकडला. धूर विरला. गोळी कागदाच्या कोपऱ्यात. पुढची बांधात. पुढची कागदावर, पण खालच्या कडेला.

डॉक्टरांनी दुर्बीण खाली घेतली आणि अतिशय मायेने म्हणाले, "असं होतं हो. वयाने होतं." दात काढायच्या आधी ते असंच बोलत असणार.

सगळ्यांचे बार झाल्यावर बंदुका टेबलावर ठेवल्या गेल्या. निशाण्यांचे कागद बदलायला लोक पुढे निघाले. कुलूपवाला गेला नाही. काय बघायचं होतं? तो बाकावर बसून बंदुकीचा दस्ता पुसत राहिला. त्याला उगाच आठवलं की हा दस्ता त्याच्या गालाला लागून लागून एका जागी गुळगुळीत झालाय. कपाटात गेल्यावर ती जागा कुणाला दिसणार नाही.

मान वर केली तर दाजी गवतात वाकून चालताना दिसले.

"यांची सुई पडली वाटतं," तो ताईला म्हणाला.

"सुई गुडघ्यालाच आहे," ताई म्हणाली.

दाजी वाकले, काहीतरी उचललं, पुढे गेले, पुन्हा वाकले. परत आले तेव्हा त्यांची मूठ बंद होती. त्यांनी ती टेबलावर उघडली. काळपट चिंध्या. मध्ये भोकं पडलेल्या, कडा फाटलेल्या, कसर लागल्यासारख्या.

"हे काय आहे?" दाजींनी विचारलं. कानातल्या कापसामुळे ते ओरडून बोलत होते.

"तुमच्या चकत्या. उडाल्यावर पुढे पडतात."

"जळत नाहीत?"

"नाही. थोड्या करपतात. पडून राहतात. कोण बघतो."

दाजी बाकावर बसले. त्यांनी कानातला कापूस काढला. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की चकती आगीत जाते, राख होते, तिचं काम संपतं. आणि इतकी वर्षं कुलूपवाल्याने ती एकदाही उचलून पाहिली नव्हती. तो पुढे बघायचा, गोळीकडे. मधल्या गवताकडे नाही.

"चांगली चकती उडाल्यावर कशी दिसते?"

पलीकडच्या टेबलावरच्या एका गड्याने आपली एक उचलून आणून दिली. मधोमध काळा वाटोळा डाग, भोवती नळीच्या तोंडाएवढं वर्तुळ, बाकी कापड शाबूत. धुतली तर पुन्हा वापरता येईल अशी.

दाजींनी दोन्ही शेजारी ठेवल्या. दोन्हींच्या कडा बोटाने चाचपल्या. मग म्हणाले, "हात तुमचा नाही गेला, मेव्हणे."

"मग?"

"माझा गेला."

कुलूपवाल्याला कळेना. दाजींनी उजवा हात पुढे केला. बोटांची पेरं सुजून गाठी झाल्या होत्या. शेजारच्या दुकानात बसूनही त्याने त्या कधी पाहिल्या नव्हत्या. तो आपलाच हात बघत होता.

"बोटं ऐकत नाहीत. खळ काढलेलं कापड मऊ पडतं. कात्रीखाली सरकतं. चकती वेडीवाकडी यायला लागली. मला लाज वाटली. म्हणून मी धुतलेल्या कापडाला पुन्हा खळ घातली. इस्त्री केली. कडक झालं की कात्री कशी सरळ चालते. तुम्ही म्हणालात, देखण्या झाल्यात." त्यांनी फाटकी चकती बोटात धरली. "कडक कापड वाकत नाही. मोडतं. वंगण आत शिरत नाही, वरच राहतं. त्या नळीत ते मोडलं आणि जळलं. गोळीला धरायला काही उरलंच नाही. मी सुंदर केलं आणि वाटोळं केलं."

"मग सांगायचं नाही का, दाजी?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत? 'ठीक होतं.'"

ताई दोघांकडे बघत होती. "एक इकडे हात लपवतोय," ती म्हणाली, "एक तिकडे हात लपवतोय. आणि मला वाटतंय, आळशी झालेत, म्हणून मी दोघांना डाळिंबं सोलून देतेय."

कुलूपवाल्याला हसू आलं. वर्षभराने आल्यासारखं, अडखळत.

"आता काय," तो म्हणाला. "आज दुसरं कापड नाही."

दाजींनी खिशातून रुमाल काढला.

ताई म्हणाली, "अहो, तो?"

"यात खळ असेल तर मी नाव बदलीन."

त्यांनी सवयीने कड जिभेवर ठेवली. मग रुमाल टेबलावर पसरून डबीतलं वंगण त्यावर अंगठ्याने चोळलं. आणि कात्रीसाठी खिसे चाचपू लागले.

"कात्री नको," कुलूपवाला म्हणाला. ही जुनी रीत त्याला माहीत होती, पण गोल चकत्या घरबसल्या मिळत असताना तो ती विसरला होता. त्याने दारू ओतली. रुमालाचा कोपरा नळीच्या तोंडावर अंथरला, गोळी ठेवली, अंगठ्याने दाबून तोंडाबरोबर बसवली. वर उरलेलं कापड गोळा करून खिशातल्या चाकूने सपकन कापलं. कड फाटकी, तिरकी. दाजींनी तोंड फिरवलं. असलं काम त्यांना बघवेना.

या वेळी कानात कापूस घालायचं ते विसरले.

बार झाला. दाजी जागच्या जागी उडाले. दुर्बिणीतून बघत डॉक्टर म्हणाले, "आत आहे." दुसरा बार. डॉक्टरांनी दुर्बीण तशीच धरून ठेवली. तिसऱ्यानंतर त्यांनी दुर्बीण पुसली आणि पुन्हा लावली. गोळ्या एका मुठीत नव्हत्या बसल्या. पण एका ताटलीत मावत होत्या, आणि त्याही मधोमध. हात कापत होता तो तेवढाच, वयाला शोभेल इतका.

कुलूपवाला स्वतः गवतात गेला. रुमालाचे तुकडे शोधून आणले. मधोमध काळा वाटोळा डाग, बाकी शाबूत. तिरक्या कडेचा काही फरक पडला नव्हता. त्याने ते दाजींच्या हातात ठेवले. दाजींनी निळ्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं.

"डॉक्टर," कुलूपवाल्याने हाक मारली, "दात अजून घट्ट आहे. उपटायचा नाही."

डॉक्टर मोकळेपणाने हसले. कपाटात काय ठेवायचं हा प्रश्न त्यांच्यापुढे पुन्हा उभा राहिला, पण ते त्यांचं ते बघतील.

घरी येताना दाजींच्या खिशात रुमाल नव्हता. ते सारखे कपाळाकडे हात न्यायचे आणि रिकामा परत आणायचे. ताईने आपला पदर पुढे केला.

त्यानंतर चकत्यांचं काम बदललं. दाजी आता गादीपाटाच्या पट्ट्या फाडायचे. फाडायला कात्री लागत नाही. कडेला एक चीर दिली आणि दोन्ही हातांनी ओढलं की कापड आपल्या धाग्याने सरळ फाटत जातं. तो आवाज त्यांना आवडायचा. पट्ट्या धुवायच्या, वाळवायच्या, वंगण लावून गुंडाळी करायची. कापायचं ते नळीच्या तोंडावर. नवा मोसम लागल्यावर ते खाणीतही दर रविवारी जायला लागले. धूर विरला की गवतात जाऊन आपलं कापड गोळा करायचे. लवकरच सगळा क्लब आपापल्या चिंध्या त्यांच्यापुढे आणून टाकायला लागला, हात दाखवायला आल्यासारखा. कुणाचं वंगण कमी, कुणाचं कापड पातळ. कुणाच्या नळीच्या तोंडाला धार राहिलेली, तिने कापड चिरतंय. एका रविवारी डॉक्टरही आपली चिंधी दाखवून, दाजींची बोलणी ऐकत, चांगले कान पाडून बसले होते.

कानातला कापूस हळूहळू लहान होत गेला.

मग एक दिवस दाजी स्वतःच म्हणाले, "पुढच्या मोसमात एक बार मी काढीन म्हणतो."

ताईने हातातलं भांडं खाली ठेवलं. "फुगा फुटला की पलंगाखाली जाणारा माणूस."

"एकच. पण माझी चकती मी गोल कापणार. खळ न घालता."

"कशाला? तिरकी चालते की," कुलूपवाला म्हणाला.

"तुम्हाला चालते."

मोसम संपला होता. दाजींनी चांगल्यातला चांगला गादीपाट धुऊन वाळवला. पितळेची चकती ठेवून पेन्सिलीने वर्तुळं काढली. रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना, थोडं थोडं कापायचे. मऊ कापड सरकायचं. ते थांबायचे, बोटं कढत पाण्याच्या भांड्यावर शेकायचे, पुन्हा धरायचे. कुलूपवाला आपल्या दुकानातून तिरप्या नजरेने बघायचा. त्याने कात्रीला धार लावून दिली. दाजी म्हणाले, "आता जरा विचारून कापतेय." आणि कापलेली प्रत्येक चकती ते उजेडात धरून बघायचे आणि समाधान झालं नाही तरी डबीत ठेवायचे. पूर्वी टाकून दिली असती.

त्या हिवाळ्यात, भर दुपारी, काम बाजूला ठेवून ते नव्या गादीवर जरा आडवे झाले. ताईला वाटलं, डोळा लागला. गादी त्यांनीच केलेली होती. आधी तळहाताने दाबून बघितलीही असेल.

आता मोसम पुन्हा जवळ आलाय. कुलूपवाल्याने बंदूक साफ करून ठेवली आहे. परवा ताई त्याच्या दुकानात आली आणि म्हणाली, "तो एक बार राहिलाय ना यांचा. मी काढते."

"तुला जमेल?"

"घाबरेन. ते काय घाबरले नसते?"

तेव्हा दोघं शेजारी, दाजींच्या दुकानात गेले. कुलूप दोनदा ओढून मग उघडलं. खिडकीपाशी डबी होती. तिच्यात चकत्या होत्या, थोड्याशा वाकड्या, मऊ, कोरड्या. त्यांना मेण लावायचं राहिलं होतं. बाजूला गादीपाट तसाच पसरलेला, त्यावर पेन्सिलीची वर्तुळं ओळीने. त्यातलं एक अर्ध्यापर्यंत कापलेलं होतं, आणि कात्री अजून तिथेच, त्याच रेघेवर, तोंड उघडून होती.